टोक नसलेली पाकळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा ओठांवर आलं होतं, गिळून टाकलं. आज तुझ्यापुढं ओकतोय. आणि ऐक, मध्येच ‘जाऊ दे, परिस्थिती तशी होती’ असलं काही बोललास तर उठून जाईन. परिस्थिती सगळ्यांचीच तशी होती की!

गेल्या महिन्यात माझा सत्कार झाला, तुला फोटो पाठवला होता. फेटा, शाल, नारळ. गिरण्या बंद पडल्या, सोलापूर बसलं, ते ज्यांनी पुन्हा उभं केलं त्यातले हे एक, असं भाषणात म्हणाले. माझ्या कमळाची चादर आता कॉम्प्युटरच्या मागावर निघते, परदेशी जाते. माझं कमळ! आणि मी फेटा सावरत हसत होतो.

ती चादर तू पाहिलीयस. कमळाच्या मधल्या पाकळीला टोक नाही, वरून सपाट आहे. एका पेपरवाल्यानं कारण विचारलं. मी काय सांगावं? — ‘ते उमलायचं राहिलेलं कमळ आहे.’ इतका हलकट माणूस मी!

गिरणीचा भोंगा कायमचा थांबला तेव्हा मी घरी माश्या मारत बसलो होतो. भवानी पेठेतल्या नरसय्या अण्णांनी मला बोलावून स्वतःच्या मागावर बसवलं. त्यांच्या घरी तेलुगू, माझ्या घरी कन्नड, आमची भांडणं मराठीत. नक्षी कागदावर कशी काढायची, तिच्या हिशेबानं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं कशी पाडायची, त्या पट्ट्या दोरीत ओवून माळ कशी करायची — मागावर ती माळ फिरते आणि चादरीत नक्षी उतरते — सगळं त्यांनीच शिकवलं. कमळ त्यांचं. अख्खा उन्हाळा घातला होता त्यांनी त्याच्यात.

एका कारखानदाराला नक्षी काढणारा माणूस हवा होता. ज्याची नक्षी पसंत पडेल त्याला कायमची नोकरी. नेमके अण्णा तापानं फणफणलेले. त्यांनी माळ माझ्या हातात दिली. “मल्लू, तू जाऊन ये की. माझं नाव सांग.”

सात रस्त्याला सायकलवरून माळ घसरली. दोरी तुटली, शेवटच्या पट्ट्या ट्रकखाली गेल्या. मधल्या पाकळीचं टोक त्याच पट्ट्यांत होतं. परत फिरायला हवं होतं, नाही का? मी उरलेली माळ गाठ मारून जोडली आणि तसाच गेलो. कारखान्यातल्या माणसांनी मागावर हातभर विणून बघितलं. कारखानदार खूश. कुणाची म्हणाला नक्षी? — तिकडं तापात पडलेला माणूस वाट बघतोय, आणि मी म्हणालो, माझी. कुणी गळा धरला नव्हता रे. त्यानं चहा मागवला होता, तो येईपर्यंत खरं सांगता आलं असतं. मी चहा प्यालो.

अण्णांना सांगितलं, नक्षी नापसंत झाली, माळ त्यांनी फेकून दिली, मला मात्र वरकामाला ठेवलं. ‘बरं झालं, एकाचं तरी लागलं,’ म्हणाले.

वर्षभरानं ते एका दुकानापुढं दिसले. टांगलेल्या चादरीवर बोट ठेवून उभे. मी कारखान्यातल्या चादरींचं गाठोडं पोचवायला तिथंच आलो होतो, पळणार कुठं? त्यांनी एवढंच विचारलं, “टोक कुटं गेलं रे, मल्लू?”

मी म्हणालो, “कसलं टोक?”

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. माग मोडीत काढला, दुसऱ्याच्या दारात वॉचमन म्हणून बसले, तिथंच थकले. त्यांच्या मयतीलाही मी गेलो नाही. नालायक म्हण मला, मी रोज म्हणतो. पण म्हणून झालं की जेवतो आणि झोपतो.

सत्कार झाल्यावर मला कारखाना दाखवायला नेलं. तपासणीच्या टेबलाशी अण्णांची मुलगी लक्ष्मी. नक्षी चुकलेली चादर बाजूला काढायची, हे तिचं काम. ती हसून म्हणाली, “काका, पहिल्या दिवशी मी हे कमळ चुकलंय म्हणून सगळा गठ्ठा बाजूला काढला होता. लई बोलणी बसली! साहेब म्हणाले, मल्लिनाथ काकांची नक्षी हाय, अशीच असते.”

त्या सपाट पाकळीवरून तिनं हात फिरवला आणि चादर चांगल्या मालात टाकली. मी शेजारीच फेटा घालून उभा होतो.