मुराळ्याचा उशीर

विमानात एकदाही न बसता विमान कंपन्यांना सळो की पळो करून सोडणारा माणूस अख्ख्या देशात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला दाजी म्हणून आला आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताईला जाऊन काही वर्षं झाली. ती होती तेव्हा दाजींना माझ्यापासून आणि मला दाजींपासून वाचवायचं काम ती बिनबोभाट करायची. आता मध्ये कुणी नाही, आम्ही दोघे समोरासमोर. दर रविवारी मी सुरतेतल्याच अडाजणहून पर्वत पाटियाला त्यांच्या फ्लॅटवर जातो. इतर घरांत पाहुण्याला आधी पाणी विचारतात. दाजी मोबाइलवरून नजर न काढता म्हणतात, "कोलकात्याचं आज परत लेट आहे." कोलकात्यात आमचं कुणी नाही. तिथून कुणी यायचं नाही, तिथे कुणी जायचं नाही. पण सुरतेला उतरणाऱ्या प्रत्येक विमानाची काळजी दाजींनी स्वखुशीने अंगावर घेतली आहे. मोबाइलच्या नकाशावर ती इवलीशी विमानं सरकत असतात आणि दाजी त्यांच्याकडे दुधाच्या पातेल्याकडे बघावं तसे बघत असतात.

मूळ स्वभावच तसा. कडोदऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये दाजी जन्मभर टाइमकीपर होते. भोंगा वाजला की गेटवर उभं राहायचं आणि नंतर आलेल्याचा अर्धा दिवस कापायचा, ही नोकरी. एखादा कारागीर म्हणायचा, साहेब, सायकल पंक्चर झाली. दाजी खाली वाकून टायर दाबून बघायचे. पंक्चर खरं निघालं तर स्वतः पंपवाल्याकडे धाडायचे आणि हजेरी पूर्ण लावायचे, खोटं निघालं तर मात्र ब्रह्मदेव आला तरी अर्धा दिवस गेला. मिल सुटली, पण टायर दाबायची सवय सुटली नाही. फक्त सायकलच्या जागी विमान आलं. "शालकराव," ते मला ऐकवतात, "माणूस उशिरा आला तर आपण माणसाचं कापतो. मग कंपनी उशिरा आली तर कंपनीचं का कापायचं नाही? ती काय आभाळातून पडली?" यावर मी एकदा म्हटलं, दाजी, विमान कंपनी आहे, आभाळातूनच येणार. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचा चहा मी न बोलता प्यायलो.

सोसायटीत मात्र त्यांच्या शब्दाला वजन आहे. खालच्या मजल्यावर कतारगामला हिऱ्याचं काम करणारे एक काठियावाडी गृहस्थ राहतात. ते बायकामुलांसह गोव्याहून परत येताना विमानतळावर अडकले आणि त्यांनी घाबरून दाजींना फोन लावला. दाजी झोपाळ्यावर बसूनच सेनापतीसारखे हुकूम सोडू लागले. बोर्डिंग पास फेकू नका. उशिराचं कारण लेखी मागा. दोन तास उलटले की खाणंपिणं देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, काउंटरसमोरून हलू नका. अखेर त्या कुटुंबाला माणशी एक सँडविच आणि एक ज्यूस मिळाला. सँडविच थंडगार होतं, मुलांनी खाल्लंही नाही, पण ते गृहस्थ स्वतःच्या घरात शिरायच्या आधी घारीचा, म्हणजे सुरती मिठाईचा, डबा घेऊन दाजींच्या दारात उभे राहिले. "काका, तमे तो वकील निकळ्या," म्हणाले. दाजी आठ-दहा दिवस तरंगत होते.

कस्टमर केअरच्या मुलींशी त्यांचं भांडण ऐकण्यासारखं असतं. सुरुवात कडक. धुकं कुठे होतं, विमान कुठे होतं, दोन्हींचा संबंध काय ते सांगा. धुक्याला मी मानतो, बहाण्याला मानत नाही. पलीकडची पोरगी शिकवलेलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहते, आणि हळूहळू दाजींचा आवाज खाली येतो. मग ते विचारतात, बेटा, ड्यूटी कितीपर्यंत आहे, घर लांब आहे का, जेवलीस का. एका मुलीनं म्हणे सांगितलं की आज डबाच आणला नाही. दाजींनी तक्रार तिथेच सोडून दिली आणि उपाशी राहिल्याने पित्त कसं होतं यावर तिला बराच वेळ समजावलं. फोन ठेवल्यावर त्या भल्यामोठ्या घरात एकदम सामसूम होते. ताईची देवघरातली जागा, लेकीची, म्हणजे माझ्या भाचीची, खोली, सगळं झाडूनपुसून जागच्या जागी. मला तिथे फार वेळ बसवत नाही, आणि उठवतही नाही.

हे सगळं सुरू झालं ते आखाजीपासून. आम्ही अमळनेरकडचे. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि तेव्हा सासरी गेलेली लेक माहेरी यायलाच हवी. ती आपली आपण येत नाही. तिला आणायला बाप किंवा भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणायचं. भाची लग्न होऊन आधी पुण्याला गेली. दाजी नवं धोतर नेसून रेल्वेने मुराळी म्हणून गेले होते आणि तिला सोबत घेऊन आले होते. पुढे ती नवऱ्याबरोबर बंगळुरूला गेली, ताई गेली, दाजींचे गुडघेही गेले. भाची म्हणाली, बाबा, तुम्ही कशाला येता, मी विमानाने येते की. दाजींनी खूप विचार केला आणि मला म्हणाले, "म्हणजे आता मुराळी कोण? विमान कंपनी. ठीक आहे. पण मग मुराळ्याची जबाबदारीही तिचीच."

गेल्या आखाजीला भाची शनिवारी सकाळी यायची होती आणि रविवारी संध्याकाळी परत जायची होती. तिच्या ऑफिसातून सुटी तेवढीच निघत होती. दाजी आठवडाभर घरी येईल त्याला अहिराणीत सांगत होते, "मनी आंडेर येई राह्यनी." मराठी न समजणाऱ्या इस्त्रीवाल्यालाही सांगितलं की माझी मुलगी येतेय. जवळच्याच एका खानदेशी बाईंकडून खापरावरच्या पुरणपोळ्या सांगितल्या, आमरस स्वतः काढला. आणि सकाळी विमान लेट. मग आणखी लेट. मी आणि दाजी डुमस रोडला विमानतळाच्या बाहेर रेलिंगला टेकून उभे. आमच्याकडे लेक आल्याशिवाय मुराळी जेवत नाही, आणि मुराळीपद दाजींनी कंपनीला दिलं असलं तरी उपास स्वतःकडेच ठेवला होता. माझा जीव चहासाठी कासावीस झाला होता. दाजी फक्त दाराकडे बघत होते. उन्हं कलल्यावर भाची बाहेर आली, दमलेली, डोकं दुखत होतं. घरी येऊन चार घास खाल्ले आणि झोपली. पोळ्या तोवर चिवट झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी उठेपर्यंत दुपार, आवरेपर्यंत निघायची वेळ.

ती गेल्यावर दाजींनी दावा लावला. भाचीच्या वतीनं नव्हे, स्वतःच्या. फोनवर एका मोठ्या अधिकाऱ्याशी बोलणं झालं तेव्हा मी समोरच होतो. अधिकारी हिंदीत, अगदी अदबीनं म्हणाला, सर, आप तो पैसेंजर नहीं हैं, आपका क्या नुकसान हुआ? दाजी म्हणाले, "बेटी डेढ़ दिन के लिए आती है। उसमें से आधा दिन आपने खाया। वो मेरा था।" अधिकारी म्हणाला, बघतो. आणि त्यानं खरंच बघितलं. भाचीच्या नावावर कंपनीनं एक व्हाउचर पाठवलं, कुठल्याही गावचं येण्याजाण्याचं तिकीट फुकट.

दाजींना स्वर्ग दोन बोटं उरला. आता तिला पैशाची अडचण नाही, सुटी तेवढी काढायची. दिवाळीला नाही जमलं तर संक्रांतीला. तिच्या खोलीतला पंखा दुरुस्त केला, नवी गादी आणली. मी म्हटलं, दाजी, याच तिकिटावर ये म्हणून तिच्या कानावर तरी घाला. तर म्हणे, "आपण सांगून लेक आली तर त्यात काय अर्थ? ती आपणहून येईल बघ." दिवाळी गेली. संक्रांत गेली. आणि एका रविवारी भाचीचा फोन आला. दाजींनी स्पीकर लावला. "बाबा, तुमचं व्हाउचर कामाला आलं बरं का. आम्ही दोघं श्रीनगरला निघालोय. दुसरं तिकीट तेवढं काढलं." मला राग आला, खरं सांगतो. तोंडावर शब्द आले होते. दाजींनी हात वर करून मला थांबवलं आणि तिला म्हणाले, "छान केलंस. स्वेटर घेतलेत ना?"

"घेतलेत. पण बाबा, विमानच लेट झालंय. इथे बंगळुरूच्या विमानतळावर बसलोय. हे खुर्चीतच झोपलेत. म्हटलं, तुम्हाला विचारावं, काय काय मागायचं असतं?"

मला वाटलं, आता कंपनीची खैर नाही. पण दाजींनी विचारलं ते भलतंच. तिकडे गर्दी आहे का, तू बसलीस कुठे, पाठ दुखते का अजून. भाची बोलायला लागली. नोकरीचा कंटाळा आलाय, बदलावी म्हणते, घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मग ताईच्या शेवभाजीवर गाडी आली. ताई तिखट किती घालायची, खोबरं आधी भाजायची की कांदा, यावर बापलेकीचं चांगलंच जुंपलं. मग आखाजीच्या झोक्यावरून ती लहानपणी पडली होती ते निघालं. दाजी म्हणाले, तुझी आई त्या दिवशी माझ्यावर चिडली होती, तुला माहीत नाही. ती म्हणाली, मला माहीत आहे, मी जागी होते. दोघंही हसले. सांगण्यासारखं संपलं तरी फोन कुणी ठेवला नाही. इतकी वर्षं मी त्या घरात जातोय. ताई गेल्यापासून दाजींना असं पोटभर बोलताना मी पाहिलं नव्हतं.

मी घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणालो, "दाजी, दोन तास होऊन गेले. नाश्ता मागायला सांगा तिला. नियम आहे." दाजींनी फोनवर हात ठेवला. "गप बस," ते म्हणाले. "काउंटरवर गेली तर फोन ठेवावा लागेल तिला."

अखेर पलीकडून घोषणा ऐकू आली. भाची घाईघाईनं म्हणाली, बाबा, बोलावलं, ठेवते. दाजी म्हणाले, "जा बेटा. नीट जा." फोन बंद झाला. ते तसेच तो हातात धरून बसले. मी उठून दिवा लावला, चहा टाकला, कप आणून पुढ्यात ठेवला. त्यांनी कपाकडे पाहिलंही नाही.

"शालकराव," थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्या कंपनीचं काय बिघडत होतं रे, अजून थोडा उशीर केला असता तर?"

दाजींच्या इतक्या तक्रारी मी ऐकल्या आहेत. अगदी रास्त वाटलेली अशी ती एकच.