नाम्बेवेचं तरस

देड्झाच्या डोंगराखाली मडकी घडवणाऱ्या बायका पुष्कळ, पण गोष्ट सांगावी ती नाम्बेवे आजीनंच. तोंडाची फटकळ आणि हातात कला. तिची तरसाची गोष्ट साऱ्या गावाला पाठ होती. बिबट्यापासून राखण करतो म्हणत तरस रानाचा राजा होतं, राखणीची मजुरी म्हणून रोज एक बकरू खातं, आणि शेवटी म्हाताऱ्या बकऱ्या त्याला शिंगांवर घेतात.

गोऱ्यांच्या राज्यात झोपडीचा कर उकळायला आलेल्या साहेबाच्या कानावर ही गोष्ट गेली. "तरस म्हणजे कोण?" त्यानं दरडावलं.

"तरस म्हणजे तरस. खाई त्याला खवखवे," ती म्हणाली, आणि त्यापायी शिक्षा म्हणून कचेरीचं अंगण झाडत बसली. मिशनच्या पाद्र्यानं तर गोष्ट पुस्तकातच छापली, पण शेवट बदलून: बकऱ्या तरसाचे आभार मानतात! पोरांनी ते वाचून दाखवलं तेव्हा नाम्बेवे थुंकली. मग गोरे गेले. त्या दिवशी ती पाय सुजेपर्यंत नाचली. वाटलं, आता गोष्ट मोकळी झाली. कसली मोकळी नि कसलं काय!

एका सकाळी नव्या राज्यकर्त्या पक्षाचा गावातला चेअरमन चिकोपा दारात उभा. लहानपणी हाच तिच्या शेकोटीशी बसून सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा. आमच्याकडे गोष्ट एकट्याची नसते. सांगणारा "फार पूर्वी एकदा" म्हणतो, ऐकणारे "आहोत आम्ही सगळे" म्हणतात, आणि तो हुंकार आल्याशिवाय गोष्ट पाऊल उचलत नाही.

"आजी, मंत्री येतायत. तुझी गोष्ट शाळेच्या पुस्तकात घेणार," चिकोपा म्हणाला. "फक्त तरसाच्या जागी सिंह घाल. बकऱ्यांना पोटाशी धरणारा."

"आणि खातो काय तो, गवत?"

"चेष्टा पुरे. नदीकाठची माती आता पक्षाच्या जमिनीत आहे. ऐकलं नाहीस तर कुंपण घालीन."

ती माती नाही तर मडकं नाही, आणि मडकं नाही तर चूल नाही. पण नाम्बेवेचा राग भीतीपेक्षा मोठा निघाला. काल नाक पुसायला माझ्या लुगड्याशी यायचास मेल्या, आणि आज मला धमकी?

"येते मी," एवढंच ती म्हणाली.

मैदान भरलं होतं. मंत्री सावलीत, बायका उन्हात. कर्णा तिच्यापुढे धरला तशी नाम्बेवे म्हणाली, "सिंहाची गोष्ट मला येत नाही. ती चेअरमनच्या घरची आहे. त्यालाच सांगू द्या."

मंत्री हसले, त्यांनी चिकोपाला खूण केली. तो उठला, घसा खाकरून म्हणाला, "फार पूर्वी एकदा..."

नाम्बेवेनं डोळे मिटून घेतले. एकीनं जरी हुंकार दिला असता तरी गोष्ट सिंहाची झाली असती आणि तशीच छापली गेली असती. भीती काय तिला एकटीलाच होती?

कोणी तोंड उघडलं नाही.

"फार पूर्वी एकदा!" चिकोपा ओरडला. एक कोंबडी मैदान ओलांडून गेली. तिसऱ्या खेपेला त्याचा आवाज फाटला. मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते मोटारीत जाऊन बसले.

दुसऱ्याच दिवशी नदीकाठी काटेरी तार लागली. नाम्बेवेनं रिकामी टोपली उपडी टाकली आणि दार लावून घेतलं. हरले असं काही तिला वाटत नव्हतं, पण खाणार काय हा प्रश्न होताच.

उजाडताना बाहेर पावलं वाजली.

"कोण आहे गं?" तिनं आतून विचारलं.

"आहोत आम्ही सगळे."

तिनं दार उघडलं. अंगणभर बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर ओल्या मातीची टोपली, हातांवर तारेचे ओरखडे. सगळ्यांत पुढे चिकोपाची आई होती, आणि तिच्याच टोपलीत माती सगळ्यांत जास्त होती.

कौतुकाचा शब्द काढील ती नाम्बेवे कसली?

"मग उभ्या काय राहिल्यात?" ती खेकसली. "माती मळायला घ्या. आणि संध्याकाळी पोरांना पाठवा. गोष्ट आहे. तरसाची."