स्वच्छतामंत्री

जोगेश्वरीच्या आमच्या शाळेत प्रत्येक वर्गाचं एक मंत्रिमंडळ असायचं, आणि पाचवीत मला स्वच्छतामंत्री केलं. निवडणूक वगैरे काही नाही. शनिवारी नखं तपासताना बाईंनी माझे हात धरून वर केले आणि वर्गाला म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात हात." हात लालभडक होते. बोटांच्या पेरांवर कातडी फुटून रक्त सुकलं होतं. सगळ्या मुलींनी ते पाहिलं आणि बाईंनी सांगितलं म्हणून टाळ्या वाजवल्या. गोष्ट ऐंशीच्या दशकातली, पण त्या टाळ्यांचा राग मला अजून येतो.

मी हात सात वेळा धूत असे. मधे कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. सात झाले नाहीत तर धाकटा भाऊ मरेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण पक्कं माहीत होतं. तो दीड वर्षाचा होता, नुकताच चालायला लागला होता, आणि त्याला जिवंत ठेवायचं काम माझ्याकडे होतं. चाळीत नळाला पाणी सकाळी तासभर. मी कळशी रिकामी केली की आई धपाटा घालायची. शेजारच्या काकू हसायच्या, "मंत्रचळ लागलाय पोरीला. सासरी गेली की जाईल." म्हणजे या आजाराचा शब्द ठाऊक होता. फक्त तो चेष्टेसाठी ठेवलेला होता.

वर्षातून एकदा शाळेत डॉक्टर यायचे. त्यांना सांगायचंच, असं ठरवून मी रांगेत उभी राहिले. त्यांनी जीभ बघितली, पापणी ओढली, केसांत उवा शोधल्या, वजन केलं. मग माझे हात हातात घेतले आणि थांबले. "हे काय गं?"

"मी सारखे धुते," मी म्हणाले. पुढचं वाक्य जिभेवर होतं.

"आमची स्वच्छतामंत्री आहे ना ती," बाई कौतुकाने म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "खोबरेल लाव," म्हणाले, कार्डावर 'स्वच्छता उत्तम' असं लिहिलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

आता मुलांना विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करावीच लागते का? नाही केली तर काय होईल असं वाटतं? एवढंच. त्याला ना सुई लागते ना यंत्र. तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं, असं मला सांगू नका. दहा वर्षांच्या पोरीच्या हातांतून रक्त येतंय, तर 'का धुतेस' हे विचारायला कुठली पदवी लागते? उवा शोधायला वेळ होता की.

त्याच महिन्यात आईने वैतागून साबण माळ्यावर टाकला. दोन दिवसांनी भाऊ तापाने फणफणला. औषध चालू होतं, पण उतार पडेना. एका दुपारी तो डोळेच उघडेना, तेव्हा मी रडत आईला सगळं सांगून टाकलं. सात वेळा धुवायला हवेत, साबण नाही, म्हणून त्याला असं झालंय.

वेडी आहेस का, असं म्हणून तिने एक ठेवून द्यायला हवी होती. पण आई ऐकत राहिली. कोकणात नवस आणि गाऱ्हाण्यांत वाढलेली बाई. तिचा चेहरा पांढरा पडला. स्टुलावर चढून तिने साबण खाली काढला, मला मोरीत नेलं आणि पिण्याच्या पाण्याचा हंडा आणून पुढ्यात ठेवला.

"धुव गो बाय," ती म्हणाली. "घाई करू नको."

तिच्यावर माझा राग नाही. मुलं तपासायला तिला कुणी नेमलं नव्हतं.

संध्याकाळी भावाचा ताप उतरला. त्यानंतर माझी दहावी होईपर्यंत आई रोज माझ्या हातांवर पाणी घालत होती, आणि आकडा चुकू नये म्हणून माझ्याबरोबर मोजत होती.