एका दिवसाची चूल

अयोध्याबाई ज्या घराच्या मागल्या अंगाला तीस वर्षं राहिली, त्या घरात ती पुढल्या दारानं कधी शिरली नाही. कुणी अडवलं होतं असंही नाही. मागून यायचं, मागून जायचं, पायाला वळण पडलं होतं, जसं बैलाला पाणवठ्याचं.

गाव सास्तूरपासून दोन कोसांवर. जुनं गाव भूकंपात मातीला मिळालं आणि माळावर नवं वसलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, घरांना नंबर. पहिली दोन वर्षं तर माणसाला आपलंच घर सापडायचं नाही. न पिलेला माणूसही दुसऱ्याच्या दारात जाऊन बायकोला हाका मारायचा.

त्या भूकंपात अयोध्येचा नवरा व्यंकट गेला आणि दीड वर्षाची लेक गेली. ती तेव्हा चोवीस वर्षांची. ढिगाऱ्यातून तिला ओढून काढलं थोरल्या दिरानं, दगडोबानं. हातानं माती उकरली, नखं निघाली. ही गोष्ट दगडोबा मरेस्तोवर विसरला नाही, आणि तिलाही त्यानं विसरू दिली नाही.

माहेरचं कुणी उरलं नव्हतं. मग ती दिराकडंच राहिली. रस्त्याच्या कडेचं घर दगडोबाचं, आणि त्याच्या पाठीशी पत्र्याची एक खोली, ती अयोध्येची. म्हशीची धार काढ, शेण काढ, शेतात खुरप, आणि जाऊ सिताबाईचा, म्हणजे तिच्या अक्काचा, लेक शिवराज कडेवर घेऊन फिर. तीन वर्षांचं पोर, काकीच्या मांडीशिवाय डोळा मिटायचं नाही. गाव म्हणायचं, दगडोबानं भावाची बायको सांभाळली. तीही तसंच म्हणायची. जेवायच्या वेळी मागल्या दारात ताट यायचं. उपाशी कधी ठेवलं नाही, खोटं का बोला.

दगडोबाला जाऊन दोन वर्षं झाली. औंदा शिवराजच्या मनानं घेतलं की पत्र्याची खोली पाडायची आणि तिथं दूध संकलनाचं केंद्र टाकायचं. काकीला सांगायला त्याची जीभ उचलेना, म्हणून त्यानं आधी म्हशीला वैरण टाकता टाकता सांगितलं, म्हणजे सांगितलं म्हशीला आणि ऐकलं काकीनं. ती म्हणाली, बरं. कुठं जाऊ, एवढं तिनं विचारलं नाही.

अशात संस्था आली. ज्याला कुठंच छप्पर नाही त्याला ती दोन खोल्यांचं घर बांधून द्यायची. थोडे पैसे आपले, थोडी अंगमेहनत आपली, बाकी संस्थेचं. शिवाय दर गुरुवारी मारुतीच्या सभामंडपात टेबल टाकून संस्थेची माणसं टॅक्सचा कुठलाही कागद फुकट करून द्यायची, घरपट्टीपासून इन्कम टॅक्सपर्यंत. गावात इन्कम टॅक्स भरणारे दोघंच, एक गुरुजी आणि एक एसटीचा कंडक्टर. फुकट आहे म्हणल्यावर दोघांनीही दोनदा विचारून घेतलं.

शिवराजनंच काकीला गाडीवर बसवून तिकडं नेलं. फॉर्म त्यानं भरला. घर आहे का, याच्यापुढं त्यानं 'नाही' लिहिलं. अयोध्येनं शेळ्या विकून पैसे तयार ठेवले. तिला मोठं काही नको होतं. पत्र्याच्या खोलीला कडी होती ती बाहेरून. आतून लावायला नुसतं दोरीचं वेटोळं. आपल्या दाराला आतून कडी असावी आणि ती आपण लावावी, एवढ्यात तिचा जीव अडकला होता. बांधकामाच्या जागेवर जाऊन तिनं विटासुद्धा भिजवायला सुरुवात केली.

एकच कागद राहिला, नावावर घर नसल्याचा. त्या गुरुवारी टेबलावर करिश्मा नावाची पोरगी होती, बोलायला गोड. तिच्या कॉम्प्युटरात गावच्या घरपट्टीची सगळी यादी. तिनं नाव घातलं, पाहिलं, परत घातलं.

"आजी, तुमच्या नावावर तर घर आहे."

"दुसरी कुनी अयोध्या असंल, बाई."

"नवऱ्याचं नाव व्यंकट. घर नंबर बेचाळीस, पाण्याच्या टाकीसमोर."

टाकीसमोर एकच घर, दगडोबाचं. करिश्माला तर कौतुक वाटलं. म्हणाली, थकबाकी एक रुपया नाही, दरसाल मार्चात पावती फाटलेली, एवढं चोख भरणारं गावात दुसरं कुणी नाही.

मागच्या बाकड्यावर शिवराज बसला होता. तो मोबाइल बघायला लागला. मोबाइलमध्ये काही नव्हतं.

येताना ती गाडीवर बसली नाही, चालत आली. अर्ध्या वाटेत तिला ती चूल आठवली. भूकंपानंतर सगळे पत्र्याच्या शेडात होते. साहेब चुली मोजायला येणार, जेवढ्या चुली तेवढी घरं, असं सगळे कुजबुजत होते. पण दोन महिन्यांच्या विधवेला कोण काय सांगतं? सकाळी दगडोबानं तीन दगड आणून शेजारच्या शेडापुढं मांडले. म्हणाला, आजच्या दिस इथं पेटव. तिनं पेटवली, एक भाकरी थापली. साहेबानं बघितलं, लिहिलं, तिचा अंगठा घेतला. तिला वाटलं, रेशन असेल. दिवेलागणीला दगडोबानं चुलीवर पाणी ओतलं, दगड पायानं बाजूला सारले आणि म्हणाला, चल, अक्का जेवायला वाट बघतीय. आपल्याला कुणीतरी जेवायला बोलावतंय, ह्याचंच तिला त्या दिवशी भरून आलं होतं.

दगडोबाला दोन घरं मिळाली हे तिला माहीत होतं. आतल्या गल्लीतलं त्यानं लेकीच्या लग्नात विकलं. मोठ्या माणसाला दोन मिळत असतील, असं ती समजत आली. विकलं ते त्याचं होतं. उरलं ते हिचं.

सिताबाई ओसरीत तूर निवडत बसली होती. अयोध्या समोर उभी राहिली.

"अक्का, तुमाला ठावं व्हतं?"

"व्हतं की." सिताबाईनं मान वर केली नाही. चार खडे बाजूला टाकले. मग म्हणाली, "तुला कशाला लागत व्हतं घर? एकटा जीव. घर लेकराबाळांला लागतं."

तिच्या बोलण्यात खुन्नस असती तर अयोध्येला भांडता आलं असतं. पण मीठ संपलं म्हणावं तसं ती सहज बोलली. वर म्हणाली, घरपट्टी तर आमीच भरली, तुझ्या पदराला काय खार लागला?

दोन दिवसांनी शिवराज लोहाऱ्याहून बॉण्ड टाईप करून घेऊन आला. बक्षीसपत्र. तो पुढ्यात बसून लाडानं बोलला, लहानपणी गूळ मागायचा तसा. "काकी, तू हितं अंगठा दे. मग तुझ्या नावावर घर न्हाय. मग संस्था तुला देतीया. सगळ्यांचंच भलं."

तिनं कागद घडी करून कनवटीला लावला आणि गुरुवारी करिश्मापुढं ठेवला. करिश्मानं तिचा फॉर्म आधीच बाजूला काढून ठेवला होता, वर 'अपात्र' असा लाल शिक्का. बॉण्ड वाचून पोरीचा चेहरा उतरला. म्हणाली, आजी, संस्थेचा नियम आहे, घर दुसऱ्याला देऊन टाकलं तर पाच वर्षं आमच्याकडं अर्ज घेत नाहीत.

"म्हंजी अंगठा दिला तर?"

"हे पण नाही, ते पण नाही."

शिवराजला हा नियम ठाऊक होता का, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

त्याच दिवशी तिनं ओढ्यातनं तीन दगड आणले, मोठे, सारखे. ते पाटीत घेऊन ती पुढल्या दारानं आत शिरली. ओसरीच्या कोपऱ्यात मांडले, काटक्या घातल्या आणि चूल पेटवली. नव्या रंगाच्या भिंतीवर धूर चढला. शिवराजची बायको गॅस बंद करून पळत आली, शिवराज अंगणातून आला. अयोध्या फुंकर घालता घालता म्हणाली, "तवा साहेबाला दाखवाया पेटवली व्हती. ही मला खायाला. कुनाला जा म्हनत न्हाय म्या. ऱ्हावा समदी. पर बॉण्ड परत दावायचा न्हाय."

शिवराज चुलीपासून दोन पावलं मागं सरला. मग म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

आजवर त्यानं तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. त्यानं शिवी दिली असती तरी तिला चाललं असतं.

सिताबाईनं तेवढ्यात आपलं अंथरूण काखोटीला मारलं आणि मागल्या पत्र्याच्या खोलीत टाकलं. परक्याच्या घरात मी निजत नाही, म्हणाली. दुधाचं केंद्र तिथंच अडलं. आता रोज अयोध्या मागल्या दारात भाकरी-कालवणाचं ताट ठेवते. सिताबाई ते तसंच राहू देते. कुत्र्यानं तेवढं बाळसं धरलंय.

मार्चात घरपट्टीवाला आला, सवयीनं दगडोबाच्या नावानं हाक मारली. अयोध्येनं शेळ्यांचे पैसे काढून भरले आणि पावती आपल्या हातात घेतली. पुढल्या दाराला आतून कडी आहे, चांगली लोखंडी. पण ती लावायची कशी? घरात माणसं असतात, आणि त्यांतलं कुणी तिला आता काकी म्हणत नाही.

मग एके दिवशी करिश्मा आली, सोबत फोटो काढणारा. संस्थेचं वर्षाचं पुस्तक निघणार होतं. त्यात अयोध्येचं नाव येणार होतं: संस्थेच्या मोफत कर मदतीमुळं आजींना हक्काचं घर मिळालं. ऐकून अयोध्येला हसू आलं. ज्यांनी अपात्र म्हणून हाकललं, त्यांच्याच पुस्तकात ती पहिल्या पानावर.

तरी पोरगी गोड होती, तिला का दुखवा. अयोध्येनं तोंड धुतलं आणि इस्त्रीचं लुगडं नेसून ती पुढल्या दारात उभी राहिली.

"आजी, थोडं हसा. आणि घरच्यांना पण बोलवा ना, सगळ्यांचा छान येईल."

आत टीव्हीचा आवाज मोठा झाला. मागून सिताबाईचा खोकला ऐकू आला.

"बोलिवले, बाई," अयोध्या म्हणाली. "एवढेच हायत. काढ."