आईचं जायचं लुगडं

तुमचा निरोप मी तीनदा ऐकला. तुमच्या तोडक्यामोडक्या मराठीत तुम्ही दोघं कुजबुजत होता : "आजी, मम्मीला हातानी केलेलं गिफ्ट द्यायचं आहे. तिला अजिबात कळू द्यायचं नाही. आयडिया सांग."

मी सवयीप्रमाणे वही घेतली, समासात एक ते दहा आकडे घातले आणि लिहायला लागले. एक, क्रोशाचा रुमाल. दोन, जुन्या बटणांची पिशवी. तिसऱ्या आकड्यापुढे 'गोधडी' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. पुढचे सात आकडे अजून कोरेच आहेत.

मीही माझ्या आईला हातानं केलेली एक वस्तू दिली होती. तिला अजिबात कळू दिलं नव्हतं. तेच आता लिहिते आहे.

माझी आई, म्हणजे तुमची पणजी, तुम्ही मोबाईलवर पाहिली आहे. तुम्ही दिसलात की ती पडद्याला हात लावून, चर्चमध्ये म्हणतात तसं 'सलाम' म्हणायची. दोन हिवाळ्यांपूर्वी ती नव्वदी ओलांडून अंथरुणाला खिळली होती. डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं, पण बोटं शाबूत होती. उभ्या आयुष्यात तिनं गावातल्या निम्म्या घरांना गोधड्या शिवून दिल्या होत्या. कापडाला हात लावून ते कितीदा धुतलंय हे ती सांगायची.

त्या वर्षी थंडी दिवाळीतच सुरू झाली. तुमच्या आईनं तिकडून पाठवलेली रजई मी तिच्या अंगावर घालायचे आणि ती पायानं ढकलून द्यायची.

"ह्ये अंगावर ऱ्हात न्हाई. माशावानी सटकतंय."

"अगं आई, किती उबदार आहे! तुझ्या नातीनं पाठवलीय."

"नातीला म्हनावं तूच पांघर. मला गोधडी दे."

घरातल्या तिच्या गोधड्या विरून गेल्या होत्या. तेव्हा मी ठरवलं की नाताळच्या सकाळी तिच्या अंगावर नवी गोधडी घालायची, आणि तीही माझ्या हातची. मी जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. सुई हातात धरली ती बटणं लावण्यापुरती. म्हणूनच तिला किती नवल वाटेल, असं मनात यायचं.

मी सगळं शिस्तीत केलं. सोनईच्या बाजारातून दोऱ्याची रिळं आणली. आई दुपारी झोपायची, त्या वेळात, दोन ते चार, मी आतल्या खोलीत बसायचे. तिची ट्रंक उघडून जुन्या लुगड्यांचे तीन ढीग केले : वरच्या बाजूला दिसतील अशी रंगीत, मधल्या थराची फाटकी, आणि खालच्या अस्तराची मऊ. अस्तरासाठी काही मनाजोगं मिळेना. मग ट्रंकेच्या अगदी तळाशी धुवट फडक्यात बांधलेलं एक गाठोडं सापडलं. आत पांढरं नऊवारी सुती लुगडं होतं, पिवळट पडलेलं, बारीक निळ्या काठाचं. गालाला लावलं तर सायीसारखं मऊ.

मी त्याचे तीन तुकडे केले. दोन शेजारी शेजारी जोडून अस्तर झालं. तिसऱ्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून चारी कडांना गोट लावला. कात्री नवी होती. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो.

नाताळच्या सकाळी मी गोधडी आईच्या अंगावर घातली. शेजारीण केक घेऊन आली होती, तीही उभी होती. ती आमच्या चर्चची नाही, बौद्ध कुटुंबातली आहे, पण आईचं अंग पुसायला रोज तीच यायची.

"कुनी शिवली?" आईनं विचारलं.

"मी."

तिची बोटं टाक्यांवरून फिरली आणि ती हसली. "ह्ये टाके हायती का एसटीचे थांबे? येक सोनईत, दुसरा पार घोडेगावला."

शेजारीण खो खो हसली. मीही हसले. दोन महिन्यांचं चीज झालं असं मला वाटलं.

मग आईनं गोधडी उलटी केली. अस्तर गालाला लावलं. हात काठावरून हळूहळू सरकत एका जागी थांबला. तिथं नखाएवढं रफू होतं. मी शिवताना ते पाहिलं होतं आणि किती बारीक काम आहे म्हणून कौतुकही केलं होतं.

"ह्ये कापड कुठनं घेतलंस?"

"तुझ्या ट्रंकेतून."

"कशातनं?"

"तळाशी एक गाठोडं होतं, त्यातून."

शेजारणीच्या हातातली बशी खाली आली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाई, ते त्यांचं जायचं लुगडं हुतं."

मला अर्थ लागेना. आईनंच सांगितलं. तिचं लग्न झालं ते त्या लुगड्यात. सासरी येताना ते बैलगाडीच्या खुंट्यात अडकून फाटलं, आणि पहिल्याच आठवड्यात तिनं ते रफू केलं. मग धुऊन, घडी घालून ठेवून दिलं. आमच्या घरातल्या बायका लग्नाच्या पांढऱ्या लुगड्यातच मातीत जातात. माझी आजी तशी गेली, तिची सासू तशी गेली. गेलेल्या बाईला आंघोळ घालणाऱ्या बायकांनाच हे माहीत असायचं. मी सातव्या वर्षी नगरला बोर्डिंगात गेले ती शिकून, नोकरी करूनच परतले. आजी वारली तेव्हा माझी परीक्षा होती. शेक्सपिअरचं एखादं वचन मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं, पण माझ्या घरची बाई काय नेसून जाते, हे मला ठाऊक नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच.

"तुज्यासमोर मरनाचं नाव काढलं की तू रडतीस. म्हनून हिला सांगितलं." तिनं शेजारणीकडे बोट केलं. मग म्हणाली, "उसव."

"आई..."

"मला त्याच लुगड्यात जायचं हाय. उसव."

तिसऱ्या तुकड्याच्या पट्ट्या झाल्या होत्या हेही मला सांगावं लागलं. राहिलेल्या दोन तुकड्यांची फार तर पाचवारी होईल, म्हणाले.

"म्हंजे मला गोल पातळ नेसवनार? जन्मात नेसले न्हाई." तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

माझे टाके लांब होते, पण ते होते हजारो. कडेपासून आत आत जाणारे चौकोन, एकात एक. डॉक्टर म्हणाले होते की छातीत पाणी साठतंय, आता घरीच ठेवा. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी ब्लेड घेऊन तिच्या कॉटशेजारी बसले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पहिल्याच दुपारी घाईत माझं ब्लेड अस्तरात घुसलं. चरकन आवाज झाला आणि आईनं मान वळवली.

"वरनं काप. खालनं न्हाई. खाली माझं लुगडं हाय. चार टाक्यांआड दोरा तोड, मग हळू वढ. मधनं सुरू कर, कडेनं न्हाई. कडेनं केलंस तर कापड तानतंय."

मी आज्ञेप्रमाणे मधून सुरू केलं. सर्वांत आतला चौकोन पहिला. ती डोळे मिटून दोरा ओढल्याचा आवाज ऐकायची आणि अधूनमधून विचारायची, "किती झालं?"

"चार ओळी."

"किती राह्यल्या?"

"चोवीस."

मी खोटं सांगू शकले असते, पण ती गोधडीवरून हात फिरवून पाहायची.

तिनं माफ केलं का, ते मला माहीत नाही. मी एकदा विचारलंही. तेव्हा ती म्हणाली, "बोलत बसू नको, हात चालव."

मला सर्वांत सोसवत नव्हतं ते वेगळंच. तिला थंडी वाजायची. दात वाजलेले ऐकू यायचे. अंगावर तीच सटकणारी रजई, आणि जी ऊब मी तिच्यासाठी केली होती ती माझ्याच मांडीवर धाग्याधाग्यानं सुटत होती. एकदा मी न राहवून म्हटलं, आजच्या दिवस पांघर, उद्या उसवते. ती म्हणाली, "उद्या कुनी बगितलाय?" मी रोज देवाजवळ आठवडाभर मागायचे. मग चार दिवस मागायला लागले. मग ओळी मोजून तेवढे तास.

माझी बोटं ब्लेडनं कापली होती. अस्तरावर रक्त लागू नये म्हणून शेजारणीनं माझ्या प्रत्येक बोटाला चिकटपट्टी गुंडाळली. "द्या बाई, मी करते दोन ओळी," ती म्हणायची. मी देत नव्हते. मी कापलं होतं, मीच उसवणार, असा माझा हट्ट. तो हट्ट नसता तर कदाचित वेळेत झालं असतं. तेही माझ्या पदरात घेते.

जानेवारीतल्या एका सकाळी, चहा झाल्यावर, मी तेविसावी ओळ धरली. आईला चमच्यानं दोन घोट पाजले होते. मी मान खाली घालून दोरा ओढत होते. ओळ संपली. आता ती विचारेल म्हणून मी थांबले. आकडा तोंडात तयार होता. प्रश्न आला नाही. मी अजून एक टाका तोडला, पुन्हा थांबले, आणि मगच मान वर केली.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि ती गेली तेव्हा मी दोऱ्याकडे बघत होते.

पाच ओळी राहिल्या होत्या. सर्वांत बाहेरच्या, सर्वांत लांब.

दुपारी तीनला माती द्यायचं ठरलं. पाळकसाहेब येऊन गेले, नगरहून नातेवाईक निघाले, कबर खणायला माणसं गेली. आईचे डोळे शेजारणीनंच मिटवले होते. तिनं मला काही न विचारता दार उघडून गल्लीतल्या दोघी बायकांना हाक मारली. "ब्लेड घिऊन या गं, न्हाईतर बारीक कात्री!"

गोधडी जमिनीवर पसरली. चार कडांना चौघी बसलो. वर कॉटवर आई. कुणी रडत नव्हतं, वेळच नव्हता.

"वरनं कापा," मी सांगत होते. "चार टाक्यांआड. खाली लुगडं आहे."

"व्हय बाई, कळलं, शंभरदा सांगितलं तुमी."

बाराच्या सुमाराला पाळकसाहेब दाराशी येऊन घड्याळ बघू लागले. शेजारीण वरही न बघता म्हणाली, "सायेब, नवरी तयार व्हायला येळ लागतोय. बसा भाईर." ते निमूटपणे अंगणात खुर्ची घेऊन बसले.

शेवटचा दोरा निघाला तेव्हा दीड वाजला होता. दोन्ही तुकडे पुन्हा एकमेकांना लांबीत जोडायचे होते. ते मी केलं. आयुष्यात घातले नव्हते इतके बारीक टाके मी त्या अडीच हातांच्या शिवणीत घातले. घोडेगावपर्यंत नाही, तांदळाच्या या दाण्यापासून त्या दाण्यापर्यंत. ते बघायला तिची बोटं नव्हती.

इस्त्री केली तरी सुयांची भोकं गेली नाहीत. लुगडं उजेडात धरलं की चौकोनात चौकोन, सगळी गोधडी त्यात दिसायची. शेजारणीनं निऱ्या अशा घातल्या की शिवण आत गेली आणि रफू खांद्यावर आलं. नऊवारीचा काष्टा होईना, तेव्हा तिनं गोलच नेसवलं आणि आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "आजी, रागवू नगा. कापडच कमी पडलं."

तिथं मी रडले. पेटीवर झाकण ठेवेपर्यंत थांबले नाही.

ती बिनअस्तराची गोधडी आणि गोटाच्या पट्ट्या अजून माझ्याकडे आहेत. पुन्हा शिवायला घेतलेल्या नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. हे सगळं मी इंग्रजीतही लिहू शकले असते, आणि तुम्हाला ते सोपं गेलं असतं. मुद्दाम मराठीत लिहिलं आहे. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणजे ही पानं तुम्हाला तुमच्या आईकडूनच वाचून घ्यावी लागतील. तुमचं गुपित फुटेल. फुटू द्या. मी गुपित ठेवून दोन महिने शिवत बसले, एकदा विचारलं असतं तर ती कात्री चालली नसती. तुमच्या आईच्या कपाटात काय घडी घालून ठेवलंय, ते आधी तिला विचारा. मग तुमच्या हातांनी काय करायचं ते ती सांगेल.

आणि तिला एक सांगायचं माझंही राहिलं आहे. फोनवर जमत नाही. ती रडते, मग मी विषय बदलते. माझी लग्नाची पांढरी साडी मी केव्हाच कापली होती, तिच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्रॉक शिवायला. त्यामुळे माझ्या गाठोड्यात आईची ती गोधडी आणि त्या पट्ट्या आहेत. मला त्यातच गुंडाळायचं. गाठोडं लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, उजव्या हाताला आहे. वर कागद टाचला आहे, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे : कापू नये.

वाचता वाचता ती इथं थांबली असेल. तिला पाणी द्या, आणि पुढचं काही विचारू नका. एवढंच होतं.