डेन्मार्कचं पाणी

निरवांगीच्या रावजीतात्यांनी आयुष्यात किती लग्नं जमवली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण त्यांनी जमवलेल्या लग्नातली पोर रडत माहेरी परत आली, असं कधी झालं नाही, हे इंदापूर तालुक्यातली कुठलीही बाई सांगत असे. हा त्यांचा धंदा नव्हता. पोटापाण्यासाठी विहिरीवरचा मळा होता. त्यात वांगी, मिरची, कोबी आणि बांधाला पेरूची झाडं. स्थळं सांगणं हा नुसता नाद. बिदागी म्हणून ते फार तर लग्नातला एक लाडू जास्तीचा घेत, आणि तोही पत्नी द्वारकाबाईंसाठी उपरण्यात बांधून आणत.

त्यांच्या या नादाला दोन नियम होते. पहिला, जे स्थळ आपण डोळ्यांनी पाहिलं नाही ते सांगायचं नाही. तात्या न कळवता, ऐन जेवणाच्या वेळी त्या गावात जाऊन थडकत. त्या घरची भाकरी खात, गोठा बघत, म्हातारी सुनेला कशी हाक मारते ते ऐकत. निघताना त्या घरच्या विहिरीचं पाणी आधी स्वतः पीत आणि मग आपला पितळी फिरकीचा तांब्या भरून, झाकण घट्ट पिळून घरी आणत. ते पाणी मुलीच्या आईला प्यायला द्यायचं. तात्या म्हणत, "जल्मभर तेच पानी शेंदायचं हाय पोरीला. आईनं चव तरी घ्यावी."

दुसरा नियम, स्थळाचं उणं आधी सांगायचं. "पोरगा गुणाचा हाय," असं त्यांनी कधी सुरुवातीला म्हटलं नाही. "पोरगा घोरतो. मी अंगणात निजलो व्हतो, तरी ऐकू आलं. आता बाकीचं सांगू का?" अशी त्यांची सुरुवात. आणि उणं ऐकलं की बायांचा पुढच्या सगळ्यावर विश्वास बसे.

छप्पन साली निमगाव केतकीच्या भाजीपाला सोसायटीला सहकार खात्याकडून निरोप आला. युरोपात डेन्मार्क नावाचा एक छोटा देश आहे, तिथले शेतकरी सोसायट्या काढून दूधदुभत्याचा कारभार स्वतः करतात. तो बघायला दोन सभासद पाठवा, जाण्यायेण्याचं सगळं आम्ही बघतो. सोसायटीचे चेअरमन हिंदुराव आनंदानं फुगले. त्यांनी सभा घेतली आणि त्या देशाचं क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि हवामान वाचून दाखवलं. हवामान येईतो निम्मी सभा पेंगत होती. जायला एकच गडी तयार होता, तालमीतला रामहरी. पण त्याची आई रंगूबाई म्हणाली, "कुणी पाहिलंय तितलं? माझं पोरगं काय वाटंवर पडलंय व्हय?" झालं. रामहरी खाली बसला.

तात्याही सोसायटीचे सभासद होते. हिंदुराव तडक निरवांगीला त्यांच्या मळ्यात आले.

"तात्या, येवढी स्थळं सांगता, आता एक देश सांगा."

"मी बघितलाय का त्यो?"

"अवो, पोरगी थोडीच द्यायचीय? माणूस जानार, बघनार आन म्हैन्या-दोन म्हैन्यात परत येनार. तुमच्या तोंडून ऐकलं की बाया हालत्यात, म्हनून आलो."

तात्यांनी मान हलवली ती नकाराची. पण हिंदुरावांनी जाताना एक चित्रांचं पुस्तक बाजेवर ठेवलं, आणि तिथंच घात झाला. त्या पुस्तकात काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या गाई होत्या, गवताच्या छपराची ठेंगणी घरं होती, वाऱ्यावर फिरणारी चक्की होती, आणि सायकलीवर बसून हसत बाजाराला निघालेल्या बायका होत्या. तात्यांनी ते एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. मग स्वतः निमगावला जाऊन हिंदुरावांकडून चित्रांखालचा मजकूर वाचून घेतला. चार दिवसांत त्यांना देशच चढला. वांग्याच्या सऱ्यांत उभे राहून ते हातवारे करू लागले.

"अवो," द्वारकाबाई बांधावरून म्हणाल्या, "त्या डेन्मार्कला ऱ्हाऊ द्या. वांग्याला पानी सोडा आधी."

बाजारच्या दिवशी निमगावात मारुतीच्या पारावर तात्या उभे राहिले. सरकून बसायला जागा उरली नाही.

"देश कसा? तर पुनं, सोलापूर आन सातारा एका फडक्यात बांधलं की झाला डेन्मार्क! तीन बाजूंनी दर्या. डोंगर नावाला न्हाय. आपलं शिखर शिंगणापूर उचलून तितं ठेवलं, तर लोक येड्यावानी बघत बसतील. जमीन म्हनाल तर तळहात. गाय उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन दूध देती, दूध सोसायटीत जातं, सोसायटीचं लोनी विलायतेच्या ताटात जातं!"

"आन ऊस?" माळेगावकडचा एक पाहुणा ओरडला.

"ऊस न्हाय. साखर हाय! जमिनीतल्या कंदाची साखर."

"कंदाची?" गावातल्या साखरबाई मागून म्हणाल्या. "मंग उपासाला चालंल की!"

पार हसून हसून हलला. तात्यांना आणखी जोर आला. उन्हाळ्यात तिथं रात्रीच्या जेवणापर्यंत ऊन असतं, बाया सायकलीवर बसून बाजार करतात, आणि पाय दुखले तर नवऱ्याला मागं बसवतात, हेही त्यांनी सांगून टाकलं. शेवटचं पुस्तकात नव्हतं. बायांत एकच कालवा उठला. कुणी विचारलं सायकलीवर पदर कुठं खोचायचा, कुणी म्हणालं आमच्या धन्याला मागं बसवला तर टायर बसंल. गडी उठून उभे राहू लागले. "माझं नाव घ्या!" "माझं बी!" हिंदुरावांना एवढी नावं कुठं ठेवावीत ते कळेना.

तेवढ्यात रंगूबाई उठल्या. त्यांच्या दोन लेकींची स्थळं तात्यांनीच सांगितली होती.

"तात्या, उनं सांगायचं ऱ्हायलं."

तात्यांचा वर गेलेला हात खाली आला.

"आन तांब्या कुठाय? पानी पाजा की तितलं."

गर्दीत बसलेल्या द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. तात्यांनी फेटा सारखा केला, मग पुन्हा सारखा केला आणि म्हणाले, "रंगूबाई, खोटं कशाला बोलू. मी न्हाय प्यालो."

"मंग माजा रामहरी न्हाय जायचा," असं म्हणून रंगूबाई खाली बसल्या, आणि त्यांच्यामागोमाग उभे राहिलेले सगळे गडी एकेक करून खाली बसले.

एवढ्यावर भागलं असतं तर तात्यांना काही वाटलं नसतं. पण दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे तोच विषय. हॉटेलात चहाचा कप पुढं करून कुणी म्हणे, "घ्या तात्या, डेन्मार्कचा हाय." वीस वर्षांपूर्वी ज्यांची लग्नं जमवली ते जावईसुद्धा सासूला विचारू लागले, "आमचं पानी तरी खरं आनलं व्हतं का त्यांनी, का वड्यावर भरलं?" आणि मग साखरबाईंचा निरोप आला. त्यांच्या लेकीचं, सारजाचं स्थळ तात्यांनी माळेगावात बघून ठेवलं होतं, सुपारी फोडायची तेवढी बाकी होती. निरोप एवढाच होता : जरा थांबू या.

तात्यांनी शब्द दिलेला असताना जमत आलेल्या लग्नाला कुणी थांबा म्हटलं, असं याआधी कधी घडलं नव्हतं. त्यांनी तांब्या खुंटीला पालथा टांगला आणि बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

द्वारकाबाईंनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तांब्या काढला, चिंचेनं घासून लखलखीत केला आणि बाजेवर आणून आदळला.

"बघून या."

"काय?"

"डेन्मार्क. न बघता स्थळ सांगितलंत न्हवं? मंग आता बघून या. जायला दोन मानसं पायजेतच की त्यांना."

"अगं, मी पुण्याच्या फुडं गेलो न्हाय कधी."

"मंग पुण्यापतुर वाट ठावी हाय. फुडं इचारत जावा."

तात्या उठून बसले. हिंदुरावांना हे कळलं तेव्हा ते सायकलवरून पडायचे बाकी राहिले. रंगूबाई म्हणाल्या, "तात्या सोता बघाय निघाले असतील, तर रामहरीला न्या संगं. वझं तरी उचलंल." मग फोटो काढले गेले, अंगठे उठले, पासपोर्ट आले, आणि पुढच्या उन्हाळ्यात पांढरंशुभ्र धोतर, फेटा आणि काखेत फिरकीचा तांब्या अशा थाटात तात्या मुंबईला बोटीत चढले.

डेन्मार्कमध्ये त्यांना सोसायट्या दाखवल्या, लोण्याचे कारखाने दाखवले. तात्यांनी सगळं बघितलं, पण त्यांचा जीव लागेना. अखेर एका शेतकऱ्याच्या घरी जेवण होतं. घरची म्हातारी आजी दारात आली. तात्यांनी खुणेनं पाणी मागितलं. आजीनं दूध आणलं. तात्यांनी हात जोडले. आजीनं कॉफी आणली. तात्यांनी पुन्हा हात जोडले आणि सरळ अंगणातल्या हातपंपापाशी गेले. रामहरीनं दांडा मारला, तात्यांनी ओंजळ धरली, चूळ भरली, मग डोळे मिटून घोट घोट पाणी प्याले. घरदार, गडीमाणसं, शेजारीपाजारी गोळा होऊन बघत राहिले. तात्यांनी तांब्या भरला आणि झाकण पिळलं.

दुभाष्यानं आजीला सारा प्रकार समजावून सांगितला. आजी इतकी हसली की तिला धरून बसवावं लागलं. मग ती डोळे पुसत काहीतरी म्हणाली. दुभाषा तात्यांना म्हणाला, "आजी विचारतात, त्यांची नात लग्नाची आहे, हा मुलगा कसा आहे?"

रामहरी गोठ्यामागं पळाला तो जेवायलाच परत आला. तात्यांनी मात्र आपला नियम पाळला. ते गंभीरपणे म्हणाले, "म्हनावं, भाकरी लई खातो. आता बाकीचं सांगू का?"

परत येताना मुंबईच्या गोदीत कस्टमच्या साहेबानं तांब्या अडवला. दारूबंदीचा काळ. झाकण उघडलं, साहेबानं वास घेतला, पुन्हा घेतला.

"काय आहे हे?"

"पानी."

"युरोपातून पाणी?"

"पोरींच्या आयांना पाजायचं हाय."

साहेबानं चव घ्यायला तांब्या तोंडाकडं नेला, तसा तात्यांनी त्याचा हातच धरला. "एकच घोट हां, साहेब. अजून समदं गाव प्यायचं ऱ्हायलंय."

निमगावच्या पारावर पुन्हा गर्दी झाली. या खेपेला तात्यांनी आधी उणं सांगितलं. वारा असा की फेटा हातानं धरून चालावं लागतं. भाकरी काळी आणि आंबूस. डुकराचं मटण जिथं तिथं, त्यामुळे रामहरी बटाट्यावर जगला. वाटेनं भेटलेला माणूस 'कुठले पाव्हणे?' म्हणून विचारत नाही. आणि ऊन मावळत नाही, त्यामुळं भूक कधी लागायची तेच पोटाला कळत नाही. "आन बायका नवऱ्याला सायकलीवर बसवत न्हाईत. ते मी माझ्या पदरचं सांगितलं व्हतं."

बायांच्या माना हलू लागल्या. मग तात्यांनी देवळातली पळी मागवली आणि झाकण फिरवलं. पहिली पळी रंगूबाईंना. त्यांनी ती तोंडात घोळवली, आभाळाकडं बघितलं आणि गिळली.

"तांब्याचा वास लागलाय जरा. पन पानी गोड हाय."

दुसरी पळी साखरबाईंची. त्या पाणी प्याल्या, ओठ पुसले आणि हळूच म्हणाल्या, "तात्या, माळेगावास्नी निरोप धाडा. या आठवड्यात सुपारी फोडू."

तात्यांनी उगीचच झाकण लावलं, काढलं, बाकीच्या बायांना एकेक पळी दिली आणि शेवटची पळी द्वारकाबाईंपुढं धरली. द्वारकाबाईंनी पाणी तोंडात धरून बराच वेळ विचार केला. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"कसं हाय?" तात्यांनी विचारलं.

"येवढ्यावरनं काय कळतंय?" द्वारकाबाई म्हणाल्या. "फुडल्या खेपंला मीच जाते. आन सायकलीचं बी बघून येते."