लाकूड वाजवून घेणारा मिस्त्री

आमचा धूरमिस्त्री लाकूड कानानं पारखायचा. दोन तुकडे हातात घेऊन एकमेकांवर हाणायचा. टण्ण वाजलं तर ठेवायचा, भद्द वाजलं तर फेकायचा. म्हणायचा, "लाकूड बोललं पाह्यजे. मुकं लाकूड वलं असते."

त्याची जुनी पेट्रोलची जीप लाकडावर चालायची. मागं पत्र्याची उभी टाकी, तीच भट्टी. झाकण घट्ट लावून आत लाकूड धुमसत ठेवायचं आणि निघणारा गॅस गाळून इंजिनाला द्यायचा. अंजनगावात लोक त्याला धूरमिस्त्री म्हणून हसायचे. चहावाला विचारायचा, "मिस्त्री, भट्टीवर पोया टाकू का?"

"टाक. पीठ तुयं."

एकदा त्यानं चारचौघांत सांगितलं, "पेट्रोलचा थेंब न घालता अकोल्याच्या शेती प्रदर्शनात गाडी नेतो. नाही गेली तर भट्टी भंगारात." लाकूड पुरवायचं काम मी घेतलं. माझ्या धुऱ्यावरची, शेताच्या बांधावरची बाभूळ आठवडाभर आधी तोडली होती. ती वाजवून पाहायची मला गरज वाटली नाही. माझ्या शेतातलं लाकूड मला कळत नाही का?

भट्टीत आधीचं वाळलेलं लाकूड होतं तोवर जीप पळाली. अकोट सोडल्यावर मी मागून माझी बाभूळ टाकली आणि जीप खोकत थांबली. मिस्त्रीनं नळी उघडली. आत ओल्या लाकडाच्या धुराचा डांबरासारखा चिकट थर.

"लाकूड कोठचं होय, भाऊ?"

"आरा मशीनवाल्यानं देल्लं," मी म्हणालो.

त्यानं नळ्या पुसल्या. मग मी बसलो होतो तोच सागवानी बाक उखडला, कुऱ्हाडीनं त्याचे तुकडे केले आणि वाजवून पाहिले. खणखणीत.

"अन् मी कुठं बसू?"

"तू उभा राय. पाय दुखले तं आरा मशीनवाल्याले सांगजो."

अकोल्यापर्यंत मी भट्टीवर पाठ शेकत उभा होतो. जीप प्रदर्शनाच्या फाटकातून आत गेली, तेव्हा मिस्त्रीनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. कोणीतरी विचारलं, "कोणतं लाकूड लागते हिले?"

"बसाचं," मिस्त्री म्हणाला.

गावात त्यानं ही गोष्ट कधीच काढली नाही. मीही कबूल केलं नाही. आपल्या तोंडानं कोण सांगते?

गेल्या पावसाळ्यात मिस्त्री गेला. स्मशानात लाकडं रचत होते. मी पुढं झालो, एकेक उचलून वाजवू लागलो. भद्द वाजलेली बाजूला काढली. त्याचा थोरला लेक जवळ आला.

"काका, काहून येळ लावून राहिले? लोक थांबले."

"थांबू दे," मी म्हणालो. "मांगं तुया बापाले वली बाभूळ मीच देल्ली होती."